ओढ, ठणका आणि कळ

घरी येऊन व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट सर पहिल्या दिवशी आले तेव्हा त्यांनी माझ्या ऑपरेशन झालेल्या पायाकडे पाहिलंच नाही. दारातच थांबले, पायपुसणं उचललं, त्याची गुंडाळी केली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "हे कपाटावर टाका. मी सांगेपर्यंत खाली काढायचं नाही." मग बाथरूमच्या उंबऱ्यापाशी उकिडवे बसून त्याची उंची मोजली. भिंतीकडून पलंगाकडे आलेली चार्जरची वायर काढून ठेवली. पलंगाच्या कडेवर स्वतः बसले, उठले, पुन्हा बसले. एवढं सगळं झाल्यावर माझ्याकडे वळले आणि माझ्या गुडघ्याखालची उशी ओढून काढली.

त्या उशीवरून मी त्यांच्याशी भांडले. अकरा दिवसांत मला मिळालेलं ते एकमेव सुख होतं. नवऱ्याने कापसाच्या दोन उशा चाचपून, त्यातली मऊ निवडून, अगदी नेमक्या जागी ठेवली होती.

"आराम वाटतो ना?" सर म्हणाले. "वाटणारच. सुजलेल्या गुडघ्याला थोडं वाकून राहायला आवडतं. पण असाच पंधरा दिवस राहिला तर तो सरळ व्हायचं विसरेल." आणि तीच उशी त्यांनी टाचेखाली सरकवली. आता गुडघा अधांतरी, त्याच्या खाली काहीच नाही. मांडीच्या मागे अशी ओढ बसली की मी डोळे मिटले.

पडण्याची गोष्ट दोन ओळींची आहे. आमच्या घरातल्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत. एकोणीस वर्षं मी त्या उतरते आहे. त्या रात्री बारावी उतरून मला वाटलं संपल्या, आणि सपाट जमिनीवर टाकावा तसा पाय टाकला. नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग, ज्याला डॉक्टर टिबियल प्लॅटो म्हणतात, तो बाहेरच्या अंगाने खचला. सर्जननी समजावलं ते असं: मांडीचं हाड एका ओट्यावर टेकलेलं असतं, तुमचा ओटा एका बाजूने बसला आहे, आम्ही तो वर उचलून प्लेट आणि सात स्क्रूंनी बांधला. सहा आठवडे या पायावर तसूभरही वजन द्यायचं नाही. पण गुडघा वाकवत राहायचा.

हे दोन हुकूम एकत्र कसे पाळायचे ते दवाखान्यात कोणी सांगितलं नाही. पाय वापरायचा नाही आणि पाय हलवायचा, असं काहीतरी डोक्यात घेऊन मी घरी आले. जिना चढता येणार नव्हता, म्हणून माझा पलंग खालच्या बैठकीच्या खोलीत लागला.

सरांच्या आधी चार दिवस दुसरे एक फिजिओ येऊन गेले होते. त्यांच्याकडे एक छोटं मशीन होतं. गुडघ्याभोवती चार पॅड चिकटवायचे, बटण फिरवायचं, मुंग्या सुरू झाल्या की विचारायचं, "बरं वाटतंय?" आणि मग वीस मिनिटं मोबाइल. बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. त्या मशीनने दुखणं काही वेळ दबतं. पण चौथ्या दिवशी मी विचारलं, "गुडघा वाकवायचा कधी?" तर म्हणाले, "आधी दुखणं कमी होऊ दे." त्या उत्तरात काहीतरी चुकतंय एवढं मला कळलं, काय ते कळलं नाही.

सरांनी आल्या आल्या फाइल मागितली. ऑपरेशनची नोंद वाचली, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्यासमोरच सर्जनना फोन लावला: किती अंशांपर्यंत वाकवायला परवानगी आहे, वजन कधीपासून, कडेच्या लिगामेंटला, म्हणजे हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला, काही झालं होतं का. पाच मिनिटांचा फोन. घरी येणारा फिजिओ कसा निवडावा असं मला आता कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते की तो फाइल मागतो का ते बघा. मशीन किती मोठं आहे ते बघू नका.

पहिला व्यायाम इतका किरकोळ होता की मला हसू आलं. गुडघ्याखाली टॉवेलची बारीक गुंडाळी, आणि ती गुंडाळी गुडघ्याने पलंगात दाबायची. बस. पाच सेकंद दाबा, सोडा.

मी दाबलं. काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. कपाळावर घाम आला, हाताच्या मुठी आवळल्या, दात आवळले. गुडघा जागच्या जागी. सरांनी माझा हात घेऊन आधी चांगल्या पायाच्या मांडीवर ठेवला. "हा पाय दाबा." मांडीचा पुढचा स्नायू हाताखाली दगडासारखा टणक झाला. मग तोच हात दुखऱ्या मांडीवर. दाबायचा प्रयत्न केला तर हाताखाली ओल्या कापसाचा बोळा असावा तसं काहीतरी, त्यात हालचालच नाही. माझ्या अंगावर काटा आला. हाड मोडल्याचं दुःख मी पचवलं होतं, पण माझं ऐकायलाच तयार नसलेला स्नायू ही गोष्ट मला नवी होती.

"हा आळस नाही आणि अशक्तपणाही नाही," सर म्हणाले. "सांध्यात सूज असली की तिथून मणक्याकडे सारखा निरोप जात राहतो, आणि मणका मांडीच्या स्नायूला गप्प बसवतो. स्नायू शाबूत आहे. त्याला फोन लागत नाहीये." म्हणून सूज उतरवायची: पाय उंचावर, टॉवेलात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, दर तासाला घोट्यापासून पाऊल वरखाली. आणि फोन लावत राहायचा. दोन्ही पाय एकदम दाबायचे, म्हणजे चांगल्याच्या नादाने दुखरा जागा होतो. डोळे मांडीवरच ठेवायचे. ते स्वतः बोटांनी मांडीवर टकटक करत राहायचे, दार वाजवावं तशी.

सहाव्या दिवशी सकाळी, सर यायच्या आधी, मी एकटीच दाबत होते. गुडघ्याची वाटी तीळभर वर सरकली. मला वाटलं भास. पुन्हा दाबलं, पुन्हा सरकली. मी ओरडले तशी स्वयंपाकघरातून नवरा धावत आला. त्याला वाटलं पडले. "वाटी हलली!" तो बिचारा ओट्यावरच्या वाट्या बघायला परत गेला.

आता शब्दांविषयी. माझं पोट मुद्रितं तपासण्यावर चालतं. दुसऱ्यांच्या मजकुरातला सैल शब्द पकडायचा हा माझा धंदा, आणि इथे सर माझे शब्द पकडायला लागले.

"दुखतंय," मी म्हणायची.

"कसं दुखतंय?"

"खूप दुखतंय."

"किती नाही विचारलं. कसं? ‘दुखतंय’ म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांना वाहन म्हणण्यासारखं झालं. ट्रक आहे की सायकल ते सांगा, म्हणजे मला थांबायचं की नाही ते ठरवता येईल."

त्यांनी एक वही करायला लावली. रोज व्यायामाआधी, व्यायामात, रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय वाटलं ते एका शब्दात लिहायचं, आणि ‘दुखलं’ हा शब्द वापरायचा नाही. पहिले दोन दिवस मला राग आला. तिसऱ्या दिवसापासून मजा यायला लागली, कारण शब्द सापडत गेले. मांडीच्या मागे किंवा गुडघ्याच्या पुढे ताणल्यासारखं होतं आणि सोडलं की लगेच जातं, ती ओढ. ओढ चालेल, ओढीतच काम आहे. संध्याकाळी नाडीच्या ठोक्यावर उडतो तो ठणका. त्याचा अर्थ सूज आहे, बर्फ लावा, पाय उंच करा, उद्या जरा कमी. एका जागी, खोल, श्वास अडकवणारी येते ती कळ. कळ आली की त्या क्षणी थांबायचं, मोठेपणा दाखवायचा नाही. टाक्यांच्या कडेला होते ती आग. आणि व्रणाच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढी जागा बधिर. तिथून जाणारी त्वचेची बारीक नस कापली जाते, त्यामुळे हे होतं. बोट फिरवलं तर ते दुसऱ्याच कोणाच्या पायावर फिरतंय असं वाटतं. आजही तसंच आहे.

सगळ्यांत जास्त उपयोगी पडला तो ‘अवघडलं’. पहाटे चारला गुडघा असा धरायचा की मी गोळीसाठी नवऱ्याला उठवायची. वहीत मी लिहिलं, "पहाटे असह्य." सरांनी खोडलं. "असह्य हे तुमचं मत झालं. पायाला काय झालं होतं?" विचार करता करता मला शब्द सुचला: अवघडला होता. आणि तो लिहिल्याबरोबर उपायही कळला, कारण अवघडलेल्याला कोणी झोपवत नाही, हलवतात. त्या रात्री चारला उठून मी गोळी घेतली नाही. टाच पलंगावर वीस वेळा मागेपुढे सरकवली. दहा मिनिटांत झोप लागली. मी इतके दिवस दुखतंय म्हणून पाय हलवत नव्हते, आणि हलवत नव्हते म्हणून तो दुखत होता.

(गोळ्या बंद केल्या असं नाही हं. उलट डॉक्टरांना विचारून दुपारची वेदनाशामक गोळी सर यायच्या पाऊण तास आधी घ्यायची असं ठरलं. आधी मी ती ते गेल्यावर घ्यायची, म्हणजे आग लागून गेल्यावर पाणी.)

वाकवण्याचा हिशेब अंशांत होता. सरांकडे कोनमापक होता. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटावेत तसा, एक हात मांडीच्या रेषेत, दुसरा नडगीच्या. पहिल्या दिवशी 41 अंश. नवऱ्याने कॅलेंडरवर लिहिलं. मग 50, 58, 63, 66.

पायात मोजा, पलंगावर गुळगुळीत प्लास्टिक, आणि टाच ढुंगणाकडे सरकवायची. जिथे अडेल तिथे पावलाला अडकवलेला टॉवेल दोन्ही हातांनी ओढायचा. नंतर पलंगाच्या कडेला बसून पाय खाली सोडायचा आणि चांगल्या पायाने त्याला मागे रेटायचं. सरांची एक युक्ती मला फार आवडली. पाय अडला की ते नडगीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "आता माझ्या हाताविरुद्ध पाय सरळ करायचा प्रयत्न करा, मी करू देणार नाही." पाच सेकंद आमची झटापट. "सोडा." स्नायू सैल पडला की त्याच क्षणी गुडघा आणखी दोन अंश आत. भांडून झाल्यावर माणूस जरा ऐकतो, तसं.

66 वर गाडी अडली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. कॅलेंडरवर 66, 66, 66. मी सरांना म्हटलं, "चालायला किती लागतो?"

"सपाट रस्त्यावर साठ-पासष्ट."

"मग झालं की!"

"झालं. पण जिना चढायला नव्वदच्या आसपास लागतो, आणि खोल खुर्चीतून उठायला त्याहून जास्त. खालच्याच मजल्यावर राहायचं असेल तर थांबू इथेच."

माझी खोली वर होती. माझी पुस्तकं, टेबल, खिडकी, सगळं वर. त्या दिवशी सर गेल्यावर मी सगळे व्यायाम पुन्हा केले. संध्याकाळी पुन्हा. रात्री टॉवेल ओढून ओढून. दुसऱ्या दिवशी गुडघा नारळासारखा. सरांनी टेप लावली. वाटीच्या वरच्या कडेवर घेर आदल्या दिवसापेक्षा अडीच सेंटिमीटर जास्त. कोनमापक 64.

मला वाटलं रागावतील. ते वहीच वाचत बसले. "काल काय काय केलं ते का नाही लिहिलं?" मी गप्प. "व्यायामाचा हिशेब त्याच दिवशी लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. सकाळी दुखणं आणि सूज कालच्या पातळीवर परत आली असेल तर कालचं बरोबर होतं. नसेल तर काल जास्त झालं. आज फक्त बर्फ आणि घोटा." तो दिवस मला फार लांब गेला. दोन दिवसांनी 68, मग 73. का सुटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सर म्हणाले सूज उतरली म्हणून.

या सगळ्यात नवरा कुठे होता? सगळीकडे. पाण्याची बाटली माझ्या हाताशी, चष्मा हाताशी, वही, पेन, मोबाइल, रिमोट सगळं हाताशी. त्याने माझ्याभोवती एक बेट तयार केलं होतं. सरांनी एके दिवशी न बोलता चष्मा आणि बाटली उचलली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या टेबलावर नेऊन ठेवली. वॉकरला पुढून एक कापडी पिशवी बांधली, कारण वॉकर धरला की हात मोकळे राहत नाहीत. "पाणी हवं असेल तर ताई जातील आणि आणतील."

तो चिडला. "मी मदत करतो तेही चुकतं का?"

त्याचं चुकत होतं असं मला त्या क्षणी अजिबात वाटलं नाही, हे लिहून ठेवते. मी त्याच्याच बाजूने होते. पण सरांनी त्याला घालवलं नाही, कामाला लावलं. चालताना दुखऱ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहायचं. दंडाला धरायचं नाही, कारण दंड ओढला की तोल जातो. कमरेला पट्टा बांधायचा आणि हात त्या पट्ट्यापाशी ठेवायचा. धरायचा नाही, फक्त जवळ. आणि मोजमापं त्याच्याकडे. त्यानंतर आमच्या कॅलेंडरवर घेराचे आकडे दशांश चिन्हासकट यायला लागले.

पाचव्या आठवड्यात वहीत मी लिहिलं: "पोटरी भरून आली आहे. दाबलं की दुखतं. जरा गरम." मला त्यात विशेष वाटलं नव्हतं. सरांनी ती ओळ वाचली आणि पलंगावर बसता बसता उठले. दोन्ही पोटऱ्यांना टेप लावली. एवढ्या आठवड्यांत दुखऱ्या पायाची पोटरी बारीक झालेली असते, माझीही झाली होती. त्या दिवशी तीच दुसऱ्यापेक्षा दोन सेंटिमीटर जाड. "आज व्यायाम नाही. पोटरी चोळायची नाही, कोणालाही चोळू द्यायची नाही." सर्जनना फोन, संध्याकाळी डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त नीट वाहतंय का ते बघणारी तपासणी. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि तिथून सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, हे मला तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या कळलं.

गुठळी नव्हती. सूज खाली उतरून पोटरीत साचली होती. मी ओशाळून सरांना म्हटलं, "उगाच सगळ्यांना पळवलं." ते म्हणाले, "नाहीये हे कळायलाच गेलो होतो." आणि वहीतल्या त्या ओळीखाली लाल पेनने रेघ मारली. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर लाल रेघा मारत आले. माझ्या ओळीवरची ही पहिली, आणि ती चुकीची खूण नव्हती.

सहा आठवड्यांनी एक्स-रे. आता पावपट वजन द्यायला परवानगी. माझं वजन 64 किलो, म्हणजे 16. सर वजनकाटा घेऊन आले. दुखऱ्या पायाखाली काटा, चांगल्या पायाखाली तेवढ्याच उंचीची दोन जाडजूड पुस्तकं, समोर वॉकर. (पुस्तकांवर पाय द्यायला मला जड गेलं. शब्दकोश होते.) "डोळे मिटा. सोळा किलो झाले असं वाटलं की सांगा."

मी हळूहळू भार टाकला. टाकला, टाकला. पाऊल जमिनीत रुततंय असं वाटलं. "झाले सोळा. वीसही असतील."

"डोळे उघडा."

काट्यावर साडेतीन.

सहा आठवडे जमिनीला न लागलेल्या तळव्याला वजनाची ओळखच राहिलेली नसते. तो साडेतीन किलोलाच घाबरून आरोळी ठोकतो. मग रोज दहा मिनिटं हाच खेळ: पाच किलो, दहा किलो, डोळे मिटून अंदाज, उघडून खात्री. मी विचारलं, हाड अजून कच्चं असेल तर त्याच्यावर भार कशाला, आणखी महिनाभर थांबू. तेव्हा सरांनी ज्युलियस वुल्फ या जर्मन सर्जनचं नाव सांगितलं. हाड भाराप्रमाणे स्वतःची आतली बांधणी बदलतं, जिथे भार पडतो तिथे घट्ट होतं, जिथे पडत नाही तिथे विरळ होत जातं, हे त्याने 1892 मध्ये मांडलं. "तुमच्या ओट्यावर कोणी टेकणारच नसेल तर तो मजबूत कशाला होईल?" पाव, मग निम्मं, बाराव्या आठवड्यापर्यंत पूर्ण. काटा पलंगाखाली कायमचा राहायला आला.

वॉकर गेला, एक कुबडी आली, मग काठी. काठी मी साहजिकच दुखऱ्या बाजूच्या हातात धरली. सरांनी काढून दुसऱ्या हातात दिली. दुखरा पाय पुढे पडताना विरुद्ध बाजूचा हात काठी टेकवतो, भार वाटला जातो आणि शरीर एका अंगाला कलत नाही. हे कळल्यापासून मला पडद्यावरचे सगळे लंगडे चुकीचे दिसायला लागले आहेत. दहातले सात तरी काठी उलट्या हातात धरतात.

दर सोमवारी परीक्षा. खुर्चीपासून तीन मीटरवर जमिनीला चिकटपट्टी. "उठा" म्हटलं की उठायचं, पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नवरा घड्याळ लावून. 1991 सालापासून जगभर हीच चाचणी वापरतात म्हणे, आणि बाराहून जास्त सेकंद लागले तर पडण्याचा धोका धरतात. माझे पहिले 34, वॉकरसकट. मग 27. मग 19. एका सोमवारी 21 झाले आणि मी दिवसभर तोंड पाडून बसले. खरी अडचण चालण्यात नव्हती, वळण्यात होती. वळताना मी दुखऱ्या पायावर थांबायलाच तयार नव्हते, इवल्या इवल्या पावलांनी गोल फिरत होते. मग आठवडाभर फक्त वळणं. बाथरूमच्या दाराशी डावीकडून, पलंगापाशी उजवीकडून. घरात किती वळणं असतात ते मला त्या आठवड्यात कळलं. दवाखान्याच्या लांब, सरळ बोळात हे कधी कळलं असतं असं वाटत नाही.

आणि जमिनीवरून उठणं. हा धडा मी टाळत होते. सर म्हणाले, "पुन्हा पडणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. पडलात आणि घरात कोणी नसेल तर?" चटई घातली, जवळ भक्कम खुर्ची ठेवली. कुशीवर वळा, कोपरावर या, रांगत खुर्चीपाशी जा, दोन्ही हात बैठकीवर, दुखरा गुडघा खाली टेकलेला, चांगलं पाऊल पुढे, आणि रेटा. टेकलेल्या गुडघ्याखाली घडी केलेली उशी होती, तीच मऊ उशी. तरी व्रणावर जोर आला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. "काय आहे?" "आग." "कळ?" "नाही, आग." "मग उठा." उठले. तिसऱ्या वेळी नवरा मोजायचं विसरून टाळ्या वाजवत होता, आणि त्याचा मला प्रचंड राग आला.

अकराव्या आठवड्यात कोनमापकाने 104 दाखवलं आणि सर म्हणाले, "चला, जिना." नियम सोपा आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, काठी दुसऱ्याच हातात, पण पडते नेहमी दुखऱ्या पायाबरोबर. चढायचं तर शरीर वर उचलायला ताकद लागते, म्हणून चांगला. उतरताना वरच्या पायरीवर मागे राहिलेला पाय वाकून सगळा भार तोलत असतो, म्हणून तिथेही चांगलाच. चढले मी मजेत. माझ्या खोलीत जाऊन खिडकी उघडली, टेबलावरच्या धुळीवर बोट फिरवलं.

उतरताना मात्र नवव्या पायरीपर्यंत ठीक होतं. तिथे पाय थांबले. वाकत होते, ताकद होती, वजन पेलत होतं, सगळे आकडे कॅलेंडरवर होते. तरी उचलेनात. सर दोन पायऱ्या खाली, माझ्याकडे तोंड करून उभे.

"ओढ?"

"नाही."

"कळ?"

"नाही."

"मग?"

"भीती."

"हं," ते म्हणाले. "हा शब्द वहीत नव्हता." आणि तिथेच उभे राहिले. घाई केली नाही, धीरही दिला नाही. पुढच्या घराचं दार वाजलं, कोणीतरी बाहेर गेलं, एवढं मला आठवतं. मग मी कठडा धरून मोठ्याने मोजायला सुरुवात केली. दहा. अकरा. बारा. बाराव्या पायरीवर मी खाली बघितलं. तेरावी होती. ती कायमच होती. तेरा.

येणं आठवड्यातून पाच दिवसांवरून तीन, मग दोन, मग एक असं कमी होत गेलं. शेवटच्या सोमवारी घड्याळ 11 वर थांबलं. गुडघा आता 128 वाकतो, दुसरा 140. पूर्ण सरळ होतो, त्याचं श्रेय ओढून काढलेल्या त्या उशीला. दोन तास बसून मुद्रितं वाचली की पहिली चार पावलं अवघडलेली पडतात, पाचवं बरोबर पडतं. काटा त्यांना परत केला. निघताना ते दारात थांबले, खाली बघितलं आणि म्हणाले, "पायपुसणं घाला आता. पण खालून रबर असलेलं घ्या."

नवं आणलं. जुनं अजून कपाटावरच आहे. जिना उतरताना मी मोजते, घरात पाहुणे असले तरी, मोठ्याने.